संध्याकाळचा आजार, सकाळची ओपीडी

"बाई, जेवणाच्या सुट्टीनंतर तुमचा एक डोळा झोपतो?"

दुसरीतल्या एका मुलीने हे विचारलं तेव्हा मी फळ्यावर सातचा पाढा लिहीत होते. वर्ग हसला, मीही हसले. "झोपत नाही गं, दमतो," म्हटलं आणि तिलाच पाढा म्हणायला उभं केलं. पुढच्या दीड वर्षात मी सात डॉक्टर, एक वैद्य आणि अंगारा देणारे एक काका पालथे घातले. त्यातल्या बहुतेकांना जे दिसलं नाही, ते त्या पोरीने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. एक डोळा. जेवणाच्या सुट्टीनंतर. आणि "दमतो" हा शब्द तर मी माझ्याच तोंडाने पुरवला होता!

खरं तर सुरुवात त्याच्याही आधी, मे महिन्यात, फणसापासून झाली. महाडच्या आमच्या घरामागे कापा फणसाचं झाड आहे. कापा म्हणजे करकरीत गरे, नीट चावून खायचे. त्या वर्षी पाच-सहा गरे झाले की माझा जबडा थांबायचा. दुखायचा नाही. दुखला असता तर निदान एखाद्या दाढेकडे बोट दाखवता आलं असतं. तो नुसता थांबायचा, आणि मग हनुवटीखाली हात धरून तोंड मिटून घ्यावं लागायचं. मी शेजाऱ्यांकडून बरका फणस मागून आणायला लागले. त्याचे गरे न चावता घशाखाली उतरतात. आयुष्यभर मी त्याला गिळगिळीत म्हणून नाक मुरडलं होतं. सासूबाईंना वाटलं, सुनेला अखेर चव कळली.

असं एकेक करत मी बरंच काही बदलत गेले, आणि बदलतेय हे मला कळलंही नाही. वेणी घालताना हात मध्येच खाली यायचे म्हणून केस खांद्यापर्यंत कापले. मैत्रिणी म्हणाल्या, छान दिसतेस, तरुण वाटतेस. शुद्धलेखन शेवटच्या तासाला घ्यायची सवय होती. तोवर आवाज नाकात जायला लागला म्हणून ते परिपाठानंतर लगेच घ्यायला लागले. दोन शिक्षकी शाळेचा हा फायदा, वेळापत्रक आपल्याच हातात. पोलादपूरच्या पुढे डोंगरात आमची शाळा आहे, एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून चढ. सकाळी तो चढ मी मुलांच्या आधी पार करायचे. संध्याकाळी उतरताना मात्र वाटेतल्या मोरीवर दोनदा बसायचे. उतरताना दम लागतो असं कुणाला सांगणार?

नणंदेच्या लग्नाचं रिसेप्शन संध्याकाळी होतं. त्याचे फोटो आले आणि घरात चार दिवस धुसफूस झाली. प्रत्येक फोटोत मी कुणाचा तरी राग आल्यासारखी उभी. ओठांची टोकं वर गेलेलीच नाहीत, मधला ओठ तेवढा उचललेला आणि दात दिसतायत. नणंद म्हणाली, "वहिनी, एवढं काय चुकलं होतं आमचं?" मी शपथेवर सांगितलं की मी हसत होते. कुणाला पटलं नाही. पुढे कळलं की चेहऱ्याचे स्नायू थकले की हसू असंच दिसतं, गुरकावल्यासारखं, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचं रीतसर वर्णन आहे. नणंदेला ते पान दाखवलं तेव्हा ती रडली. पण ते फार नंतर.

डॉक्टरकडे जायचं ठरलं ते कार्तिकातल्या संकष्टीला. आमच्याकडे पावसाळ्यातल्या संकष्ट्या पंचांगात वेळ बघून सोडतात, कारण ढगांमुळे चंद्र काही दिसत नाही. कार्तिकात आभाळ स्वच्छ. दिवसभर उपास, शाळा, चढ-उतार, मग एकवीस मोदकांच्या कळ्या. नऊच्या सुमारास निरांजन घेऊन मागच्या पायरीवर उभी राहिले, तर डोंगरावर दोन चंद्र, एकाच्या किंचित वर दुसरा, दोन्ही अगदी ठसठशीत. मी डोळे चोळले. एक डोळा झाकला तर एकच चंद्र, दुसरा झाकला तरी एकच. दोन्ही उघडले की दोन.

"आई, मला दोन दिसतायत."

"मग दोनदा ओवाळ," सासूबाई म्हणाल्या. त्यांना भूक लागली होती.

महाडच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बी-बाराची इंजेक्शनं दिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर पाव अंकाने बदलून दिला. चष्मेवाला तेवढा खूश झाला. मग मेंदूचा एमआरआय. त्या नळकांड्यात अर्धा तास पडून राहताना मला खरोखर वाटत होतं की काहीतरी सापडावं. हे वाचून कुणी दचकेल, पण ज्यांनी महिनोन्‌महिने फाईल काखेत मारून दवाखाने केलेत त्यांना कळेल. काही सापडलं तर भीती असते, पण मग पुढे काय करायचं ते कुणीतरी सांगतं. काही सापडलं नाही की भीती तशीच राहते आणि वर आपण खोटे पडतो. रिपोर्ट नॉर्मल आला. नवऱ्याने देवापुढे साखर ठेवली, आणि मी मोरीत जाऊन रडले.

फिल्मचा तो मोठा लिफाफा एसटीत कुठे ठेवायचा हा तेव्हाचा माझा सगळ्यात मोठा प्रश्न असायचा. दुमडता येत नाही, वर ठेवला तर घसरतो, मांडीवर धरला तर शेजारची बाई विचारते, "कुणाचं काय झालंय?" आपलंच म्हटलं की ती वरपासून खालपर्यंत बघते. बघून तिला काय दिसणार? धडधाकट बाई.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली ती सकाळची. चांगल्या मोठ्या शहरातले, नाव असलेले डॉक्टर. आम्ही पहाटेची गाडी धरली. मी वाटभर झोपले, उतरल्यावर चहा-पोहे खाल्ले आणि ताजीतवानी होऊन आत गेले. हातोडीने गुडघे ठोकून झाले. नाकाला बोट लावा, टाचेवर चाला, मी हात खाली दाबतो तुम्ही दाबू देऊ नका. मी कुठेच दाबू दिलं नाही. कागदावर त्यांनी ताकदीचे आकडे लिहिले, सगळीकडे पाचपैकी पाच. मी मुलांना गुण देणारी बाई. गुण मिळाल्याचं एवढं वाईट मला आयुष्यात वाटलं नव्हतं. नसांची तपासणीही झाली, हातापायांना हलके शॉक देऊन. तीही नॉर्मल. "टेन्शन आहे का काही घरात?" त्यांनी हळूच विचारलं, नवऱ्याला बाहेर पाठवून. सासूबाईंबद्दल विचारलं. मी म्हटलं, त्या बऱ्या आहेत हो.

मला त्या डॉक्टरांचा राग येत नाही. आला होता, दोन-तीन महिने चांगला धुमसत होता. पण नंतर विचार केला की त्या खोलीत त्यांच्यासमोर खरोखरच एक धडधाकट बाई बसलेली होती. माझा आजार संध्याकाळी यायचा आणि ओपीडी सकाळी असायची. वापरलं की थकायचं आणि विसावा मिळाला की पुन्हा उभं राहायचं हीच ज्याची तऱ्हा, तो आजार वाटभर झोपून आलेल्या माणसात सापडणार कसा? प्रत्येक डॉक्टरकडे जाताना आम्ही मला नीट विश्रांती देऊन, खाऊपिऊ घालून, जणू परीक्षेला नेत होतो. आणि मी दर वेळी पहिल्या श्रेणीत पास होत होते.

आमच्या घरात वेळेकडे लक्ष होतं ते एकट्या सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं, "हिला तिन्हीसांजेचं काहीतरी बाधतंय." त्या दर शनिवारी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायच्या. मी विज्ञान शिकवते, मला संकोच वाटायचा, पण बसून राहायचे. आता वाटतं की त्यांचं कारण चूक असेल, निरीक्षण अचूक होतं. सगळ्या मोठ्या लोकांच्या फायलीत "केव्हा?" हा प्रश्न कुणी धड लिहिलेला नव्हता. "केव्हापासून?" मात्र पानोपानी होता.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात घसा धरला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन दिलं, साध्या घसेदुखीला सगळेच देतात तसं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी प्यायले तर ते नाकातून बाहेर आलं. मान सरळ राहीना. रात्री एका दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, तिथे झोप लागली आणि सकाळी पुन्हा मी ठणठणीत! तिथल्या तरुण डॉक्टरने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की बायकांमध्ये असं होतं. मग एका फिजिशियनने मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. घरी कुणाला न सांगता आम्ही गेलो. मी आत शिरले ती भांडायच्या तयारीने.

भांडावं लागलं नाही. त्या गृहस्थांनी मला तब्बल पाऊण तास बोलू दिलं. फणसापासून सगळं. वीस-पंचवीस मिनिटांनी माझा आवाज नाकात जायला लागला, पुढे शब्द ओघळायला लागले, तरी ते थांबले नाहीत, नुसते माझ्या ओठांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही उदास आहात, पण ते या सगळ्यामुळे. हे सगळं त्यामुळे नाही. हा माझा पेशंट नव्हे." आजाराचं नाव त्यांनाही सांगता आलं नाही. पण जाताना म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळी व्हिडिओ काढून ठेवा. सकाळचाही काढा. तोच साडीचा पदर, तीच खुर्ची."

म्हणजे ज्यांच्याकडे जायची लाज वाटली होती, नेमकं त्यांच्याचकडे माझ्या आजाराला प्रकट व्हायला पुरेल इतका वेळ होता. बाकी ठिकाणी पाच-सात मिनिटांत घंटी वाजून पुढचा नंबर आत यायचा.

नवऱ्याने व्हिडिओ काढले. सकाळी सात, रात्री आठ. ते पाहून तो पहिल्यांदा गप्प झाला. तोवर त्याने मला कधी खोटं ठरवलं नव्हतं, पण "नॉर्मल आहे म्हणजे चांगलंच की" हे वाक्य त्याच्या ओठांवर कायम असायचं. त्या दिवसापासून ते बंद झालं. तरी पुढे कुठे जायचं ते कळेना. पैसेही संपत आले होते, आणि मी खरं सांगते, कंटाळा आला होता.

मग मार्चमधला तो पल्स पोलिओचा रविवार. आमच्या शाळेत बूथ असतो. शाळा उघडायची जबाबदारी माझी, आणि उघडली की मग काय, अंगणवाडी सेविका आणि आशाताईंबरोबर मीही बसते. वाड्यावस्त्यांवरची पोरं येतात, दोन थेंब, डाव्या करंगळीवर शाईची खूण. दिवसभर पोरं उचलून धरली. चारच्या पुढे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर जीपने आढावा घ्यायला आले. पन्नाशीचे, वीसेक वर्षं याच डोंगरात काढलेले. मी त्यांना आकडे सांगायला उभी राहिले. त्यांनी वहीकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघून एकदम म्हणाले,

"बाई, तुम्हाला काही चावलं तर नाही ना?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते खाली वाकून माझ्या पावलांकडे बघत होते. "रात्री जमिनीवर झोपता? पोटात दुखलं होतं सकाळी?"

आमच्या भागात हा प्रश्न वेडगळ नाही. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि त्याला पुष्कळदा कळतही नाही, कारण दंश दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात कळा येतात आणि मग पापण्या गळायला लागतात. बाळंतपणं आणि तापाच्या साथी सांभाळता सांभाळता इथल्या डॉक्टरांनी असल्या पापण्या किती पाहिलेल्या असतात! याच महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली आणि ते जगापुढे मांडलं. विषाने माणसाचं काय होतं हे कोकणातल्या सरकारी डॉक्टरला वाचावं लागत नाही, ते त्याच्या दारात खाटेवरून येतं.

मी त्यांना सांगितलं की मला चावलेलं नाही, आणि ही पापणी पावणेदोन वर्षं रोज संध्याकाळी अशीच पडते. ते खुर्ची ओढून बसले. एकच विचारलं, "सकाळी?"

"सकाळी काही नसतं."

त्यांनी आशाताईंकडून लशीचा निळा डबा मागवला. त्यात चार आइसपॅक असतात. त्यातला एक काढून रुमालात गुंडाळला आणि माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. "धरा असंच. दोन मिनिटं." अंगणवाडी सेविका, आशाताई, ड्रायव्हर आणि दोन उशिरा आलेली पोरं गोल करून उभी. पाणी ओघळून पदर भिजला. दोन मिनिटांनी त्यांनी पॅक काढला आणि आशाताई किंचाळल्या, "अगो बाई, उघडला!"

थंडाव्याने पापणी वर येते. इतकी साधी चाचणी, आणि ती खरोखर न्यूरॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकांत आहे. कुल्फीवाल्याकडेसुद्धा करता आली असती. त्यांनी पोलिओच्या तक्त्याच्या पाठकोऱ्या कागदावर चिठ्ठी लिहिली. खूप काही नव्हतं तीत. एक प्रश्नचिन्ह आणि पुढे दोन अक्षरं: "? एमजी". घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एमजी म्हणजे रोड ना?" त्या रात्री आम्ही पुष्कळ दिवसांनी हसलो. माझं हसू गुरकावल्यासारखंच असणार, पण त्याने ते बघितलं आणि ओळखलं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी आधी मोबाइलवरचे दोन्ही व्हिडिओ शांतपणे पाहिले. मग म्हणाल्या, "छताकडे बघत राहा. पापणी मिटायची नाही." आणि स्वतः घड्याळ बघत बसल्या. अर्ध्या मिनिटापर्यंत काही नाही. चाळीस सेकंदांच्या आसपास डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी हळूहळू उतरायला लागली. मग मला एक ते पन्नास अंक मोठ्याने म्हणायला लावले. एकोणचाळीसला आवाज नाकात गेला. सकाळचे साडेदहा वाजले होते, मी झोपून आले होते, आणि तरीही आजार सापडला, कारण त्या थांबल्या. फरक एका मिनिटाचा होता.

पुढची चाचणी पुन्हा शॉकची. मी म्हटलं, ती झालीय, नॉर्मल आहे. त्या म्हणाल्या, "झालीय, पण एकेक शॉकची. आपण आता दमवून बघू." एकाच नसेला सेकंदाला तीन या वेगाने ओळीने दहा शॉक. पडद्यावर दहा रेघा उमटल्या. निरोगी माणसाच्या दहाही सारख्या उंचीच्या असतात. माझ्या पाचव्यापर्यंत उतरत गेल्या, परिपाठाला उंचीनुसार उभी केलेली पोरंच जणू. दहा टक्क्यांहून जास्त उतार म्हणजे दोष धरतात, माझा त्याहून बराच जास्त होता. बर्लिनच्या फ्रीडरिश जॉली यांनी १८९५ च्या सुमारास हेच केलं होतं, स्नायूला पुन्हा पुन्हा विजेचा धक्का देऊन तो थकताना पाहिला. आजाराला मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे चिठ्ठीतलं ते एमजी, हे नाव रुळलं तेही त्यांच्यामुळे. सासूबाईंनी ते ऐकून विचारलं, "मायास्थनी? ही कुठली देवी?"

त्यांना समजावताना मला एसटीचं उदाहरण सुचलं. कंडक्टर दोरी ओढतो, ड्रायव्हरच्या कानाशी घंटी वाजते, गाडी हलते. नस म्हणजे दोरी, स्नायू म्हणजे ड्रायव्हर. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि स्नायूवरच्या ठरावीक खाचांत जाऊन बसतं, तेव्हा घंटी वाजते. माझ्या शरीराने स्वतःच त्या खाचांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत. त्यांनी काही खाचा अडवल्या, काही मोडून टाकल्या. म्हणजे घंटीत चिंध्या कोंबल्यासारखं झालं. कंडक्टर ठणठणीत, दोरी ठणठणीत, ड्रायव्हरही ठणठणीत. पहिले दोन-चार टोले कसेबसे ऐकू येतात, मग येत नाहीत. एमआरआयने काय तपासलं? डेपो. नसांच्या पहिल्या चाचणीने दोरी तपासली. घंटीकडे कुणी गेलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग ड्रायव्हरला वाटणार कंडक्टर झोपलाय, आणि कंडक्टरला वाटणार ड्रायव्हर माजलाय." माझ्या घरात वर्षभर जे चाललं होतं त्याचं याहून चांगलं वर्णन मला जमलं नसतं.

रक्तातली प्रतिपिंडं सापडली. हातपाय, जबडा असे सगळीकडचे स्नायू धरलेल्या शंभरातल्या पंचाऐंशी रुग्णांत ती सापडतात. नुसते डोळेच धरले असतील तर निम्म्यांतच. म्हणजे रक्त "नॉर्मल" येऊनही आजार असू शकतो. माझं तसं निघालं असतं तर आणखी किती दिवस गेले असते याचा मी विचार करत नाही.

झोप यायची नाही तेव्हा मी या आजाराचा इतिहास वाचत बसे. १६७२ मध्ये इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या वैद्याने एका बाईची हकीकत लिहून ठेवलीय. ती भराभरा, बराच वेळ बोलली की तिची वाचाच बंद व्हायची, माशासारखी मुकी, आणि तास-दोन तासांनी परत यायची. असे लोक सकाळी नीट चालतात, हात फेकतात आणि दुपार व्हायच्या आत हलेनासे होतात, हेही त्याने लिहिलंय. एमआरआय नाही, शॉक नाही, त्याने फक्त सकाळी आणि दुपारी बघितलं होतं.

आणि मेरी वॉकर. लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये एका साध्या रुग्णालयात काम करणारी डॉक्टर, कुणी मोठी संशोधक वगैरे नव्हे. या रोग्यांची अवस्था क्युरारी नावाच्या बाणाच्या विषाने होते तशी दिसते, असं तिला एका न्यूरॉलॉजिस्टच्या बोलण्यातून कळलं. मग तिने सरळ विचार केला की त्या विषावरचा उतारा यांना देऊन बघावा. १९३४ मध्ये तिने एका बाईला फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात तिची पडलेली पापणी वर आली. हे वाचताना मी उठून बसले. तिला बाणाचं विष आठवलं होतं, आमच्या डॉक्टरांना सापाचं. आणि नागाचं विष तर नेमक्या याच खाचा अडवतं! म्हणून नाग चावलेल्या माणसाला निओस्टिग्मिन देतात, आणि माझ्या गोळ्या त्याच कुळातल्या आहेत.

पायरिडोस्टिग्मिनची पहिली गोळी घेतली तेव्हा नवरा मोबाइल घेऊन समोर बसला होता. अर्ध्या-पाऊण तासात पापणी वर. तीन-चार तास राहते, मग पुढची गोळी. ॲसिटिलकोलीन लवकर मोडू देत नाही ती, म्हणजे मंद घंटी जरा जास्त वेळ वाजत राहते. पोटात मुरडा येतो, त्याची सवय झाली. स्टेरॉईडने तोंड गोल झालं. "बरी सुटलीस" म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ नव्हती, पण छातीतली थायमस ग्रंथी काढावी असं ठरलं; काढली की पुढे काही महिन्यांनी, वर्षांनी औषधं कमी होऊ शकतात. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही, मी झोपलेली होते. पर्समध्ये आता एक कागद असतो, कोणती औषधं मला चालत नाहीत त्यांचा. त्या यादीत अझिथ्रोमायसिन आहे. ते वाचलं तेव्हा नाकातून आलेलं पाणी आठवलं.

आजाराचं नाव सांगितलं की दहातले आठ जण एकच बोलतात, "अमिताभलाही तोच झाला होता!" आणि मग मला काही विचारायचं राहतच नाही, ते कुली, तो अपघात, ते सगळं बोलून घेतात. सुरुवातीला चिडायचे. आता बरं वाटतं. निदान कुणी "टेन्शन घेऊ नकोस" म्हणत नाही.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मी पेढे घेऊन भेटायला गेले होते. त्यांच्या पडवीत तापाची रांग होती. त्यांनी माझ्या दोन्ही पापण्यांकडे बघितलं, पेढा तोंडात टाकला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. तीस सेकंद. माझी काही तक्रार नाही. दुसरीतली ती मुलगी आता चौथीत आहे. मध्यंतरी तिने पुन्हा विचारलं की बाई, तुमचा डोळा आता झोपत नाही का. मी म्हटलं, गोळी विसरले तर झोपतो. तेव्हापासून दुपारी बाराला ती हात वर करते, "बाई, गोळी!" सगळा वर्ग तिच्यामागून ओरडतो.

उपास आता मला बंद आहेत. सासूबाई एकट्याच करतात, मी नुसतं निरांजन घेऊन मागच्या पायरीवर उभी राहते. परवाच्या संकष्टीला रात्रीची गोळी घ्यायला उशीर झाला होता. चंद्र डोंगरावर आला.

"आज किती आहेत गो?" त्यांनी विचारलं.

मी नीट बघितलं. "दीड."

"चालेल," म्हणाल्या, आणि ताट पुढे केलं.